पान दाखवा, औषध न्या

१

चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझं कृषी सेवा केंद्र आहे. सव्वीस वर्षं झाली. कंपन्यांच्या पाट्या आल्या नि गेल्या, पण काउंटरच्या वर मी स्वतःच्या हातानं रंगवलेली एक पाटी अजून तशीच आहे : पान दाखवा, औषध न्या.

तोंडी वर्णनावर मी औषध देत नाही. माणूस काय वाट्टेल ते सांगतो. तलवाड्याच्या एका पाहुण्यानं मला फोनवर अर्धा तास ऐकवलं होतं, की कपाशीवर निळी अळी पडलीय, बापजन्मात कुणी बघितली नाही अशी. म्हटलं, पिशवीत घालून आणा. आणली. लेकराच्या स्वेटरची उसवलेली लोकर निघाली, कुठल्या तरी पाखरानं फांदीवर नेऊन टाकलेली. त्या दिवशी हा भला माणूस सगळ्या रानावर फवारणी करायला निघाला होता.

म्हणून माझं गिऱ्हाईक पिशवीला गाठ मारून पान आणतं, गाठ सोडतं आणि पान काउंटरवर उलटं ठेवतं. उलटं ठेवायचं हे मी शिकवलंय सगळ्यांना. पानाची वरची बाजू जगाला दाखवायची असते, खरं काय ते पाठीमागं. मग मी भिंग काढतो. शिक्षण म्हणाल तर दहावी नापास. पण डब्यांवरची बारीक अक्षरं शब्दकोश घेऊन वाचली, जुन्या कृषी सहायकाच्या मागं रानोमाळ हिंडलो, आणि मावा, फुलकिडे, लाल कोळी, पिठ्या ढेकूण असं एकेक ओळखायला शिकलो.

दुसरा एक नियम आहे, त्याची पाटी नाही. तोंड उतरलेल्या माणसाला औषध द्यायचं नाही. का, ते आमच्या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. एकटा येतो, पान आणत नाही, पिकाचं नाव विचारलं की काउंटरकडं बघतो. अशाला मी माल संपला म्हणतो, चहा पाजतो आणि त्याच्या घरी फोन लावतो. असे चार-पाच फोन केलेत आजवर. त्यातले दोघं अजून रस्त्यात भेटले की गाडी थांबवून हात जोडतात. मला त्याचा अभिमान होता.

हे सगळं त्याच अभिमानाचं आहे. लिहिताना माझं डोकं तापतंय, एखादा शब्द उणा-जास्त झाला तर सांभाळून घ्या.

२

फर्नची भानगड मला एका साहेबांच्या बायकोनं शिकवली. पुस्तकात त्याला नेचा म्हणतात. बीडच्या एका बँकेतले साहेब, कोकणातून बदलून आलेले, त्यांच्या घरात फर्नची कुंडी. बाईंनी पान आणलं आणि काउंटरवर टाकून लांब उभ्या राहिल्या. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके, दोन ओळींत, टाके घातल्यासारखे. मीही आधी खवले कीड म्हटलं. अगदी तशीच दिसते, तपकिरी, चिकटलेली. नख लावलं तर निघेना. मग ते पान कोऱ्या कागदावर पालथं ठेवलं नि विसरलो. दुसऱ्या दिवशी उचललं, तर कागदावर तपकिरी भुकटी, मैद्यापेक्षा बारीक, आणि तिच्यात पानाचा हुबेहूब छापा. म्हणजे ते फर्नचं बी. फुलाशिवाय, फळाशिवाय, पानाच्या पाठीवरच धरतं.

तेव्हापासून माझं सूत्र ठरलं. विस्कटलेलं असेल तर कीड, रांगेत असेल तर बी. कीड शिस्त पाळत नाही. फर्नला तेलकट औषध चालत नाही, पानं करपतात, म्हणून साबणाचं पाणी आधी एका पानावर मारून बघायचं, खवले कीड असलीच तर कापसानं पुसायची, आणि मातीतल्या चिलटांना पिवळे चिकट सापळे. हे ज्ञान मी दहा जणांना फुकट वाटलं असेल.

गेल्या मे महिन्यात धनू दुकानात आली तेव्हा हेच ज्ञान माझ्या जिभेवर होतं.

धनू म्हणजे धनश्री, तलवाड्याच्या मोहनरावांची लेक. मोहनराव माझे जुने दोस्त, तिला मी लंगडी खेळताना बघितलंय. आणि तिची सोयरीक मी जुळवली होती. पाटोद्याच्या अलीकडं आप्पारावांचा बंगला आहे. शंभर एकराचे मालक, दोनदा सभापती. थोरल्या अभिमन्यूसाठी मुलगी बघत होते. मीच म्हटलं, माझ्या बघण्यात एक आहे, बारावी झालेली, शांत. लग्नात मला जावयाच्या रांगेत बसवून आहेर केला होता. फेटा अजून कपाटात आहे.

दिवसाचे अकरा वाजले असतील. आप्पारावांची गाडी समोरच्या हॉटेलापाशी थांबली, ड्रायव्हर चहाला गेला आणि धनू पदर डोक्यावर ओढून आत आली. हातात पिशवी, पिशवीला गाठ. गाठ सोडून तिनं पान उलटं ठेवलं. माझी शिस्त तिला लहानपणापासून ठाऊक. हातभर लांब पान, पाठीवर दोन ओळी.

मी हसलोच. भिंग तिच्या हातात दिलं, बँकवाल्या बाईंची गोष्ट सांगितली, घाबरू नको म्हटलं. ती भिंगातून बघत राहिली. मग म्हणाली, "काका, बी हाय तर मंग त्याला रुजायला काही तरी लागत आसंल ना?"

"ओल लागती. ओल आन सावली."

"ओल हाय. दिवसातून चारदा मीच फवारते." थोडं थांबून म्हणाली, "लई जालीम औषध द्या. सगळ्या कुंड्या जळून गेल्या पाहिजेत आसं."

तेव्हा मी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे, नजर काउंटरवर. आणि माझ्या डोक्यात पानाचा नियम मागं पडला, दुसरा नियम पुढं आला.

माल संपला म्हटलं. कापूस, पातळ साबण आणि पिवळ्या सापळ्यांचं पाकीट तिच्या पिशवीत घातलं, वर बापासारखं चार शब्द सुनावले, की संसारात असं होतंच, नवरा पुण्याला ठेकेदारीत असला तर करमत नाही, मन झाडात घालावं. ती सगळं ऐकून घेत होती. पायरी उतरताना तिनं वळून विचारलं, "न्हाईच देत का, काका?"

मी मान हलवली. गाडी दिसेनाशी झाली आणि मी आप्पारावांच्या घरी फोन लावला. वत्सलाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं उचलला. सांगितलं, पोरगी जालीम औषध मागत होती, जरा लक्ष असू द्या, एकटी सोडू नका.

"बरं केलं भाऊ, सांगितलं," वत्सलाबाई म्हणाल्या. "आता न्हाई सोडणार."

३

धनूनं आणलेलं पान काउंटरवरच राहिलं होतं. सवयीनं मी ते पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पाठीवर पालथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उचललं. भुकटी पडली होती, छापा उमटला होता. माझं सूत्र बरोबर. मी ते शेजारच्या मेडिकलवाल्याला दाखवायला घेतलं आणि मध्येच थांबलो.

पानावर ठिपक्यांच्या ओळी दोन. कागदावर तीन.

आता माणूस असाच विचार करतो : कागद सरकला असेल, पंख्याचा वारा लागला असेल. मीही तसाच केला. पण सरकलं असतं तर दोनाच्या चार झाल्या असत्या. तिसरी ओळ बरोबर मध्ये होती, मधल्या शिरेच्या जागी, इतर दोन ओळींपेक्षा नाजूक. मी कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि हात धुतले. दोनदा धुतले, हे आता आठवतं.

चार दिवसांनी आप्पारावांचा फोन आला. फर्नला काही लागलंय का ते येऊन बघा, सूनबाईनं तुमचं नाव सांगितलंय.

गेलो. मेचं ऊन, पाटोद्याच्या रस्त्यावर डांबर पाघळत होतं. फाट्यावरच्या वस्तीत बायका घागरींची रांग लावून टँकरची वाट बघत बसल्या होत्या. टँकर मला दिसला तो बंगल्याच्या मागं, पाइप खिडकीतून आत सोडलेला. माझ्या डोक्यात पहिली ठिणगी तिथं पडली. पण मी व्यापारी माणूस, ठिणगी गिळून हसत आत गेलो.

आप्पारावांनी सरबत दिलं, राजकारणावर बोलले, मग मला मागच्या खोलीपाशी नेलं. दार उघडलं आणि अंगावर ओलसर गार हवा आली, विहिरीत वाकल्यासारखी. खिडक्यांना हिरवं कापड. भिंतीच्या कडेनं दोन-दोन ओळींत कुंड्या, टांगलेल्या वेगळ्या. फर्न इतके दाट की भिंतीचा रंग सांगता येऊ नये. मधोमध एक लोखंडी पलंग, वर गादी, पांढरी चादर. मी विचारलं, इथं झोपतं कोण? आप्पाराव म्हणाले, सूनबाईला उन्हाचा त्रास होतो, इथं गारवा आहे. आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.

मी कामाला लागलो. पानं उलटी केली, बेचक्यात पिठ्या ढेकूण शोधला, भिंग लावून कोळी शोधला, मातीत काडी खुपसून चिलटं उठतात का बघितलं. काही नाही. पिवळे सापळे धनूनं जागोजागी खोचले होते. चार दिवस झाले होते, ते कोरे होते.

शेतकरी वाचत असेल तर त्याला कळेल मी कशाला घाबरलो. एवढ्या ओल्या मातीत, बंद खोलीत, मे महिन्यात, एक चिलट नाही. मुंगी नाही. ट्यूबलाइटच्या खाचेत मेलेलं पाखरू नाही. भिंतीवर पाल नाही. सव्वीस वर्षं मी किड्यांच्या जिवावर पोट भरतोय, किडा नसलेली जागा मी पाहिली नव्हती. काही तरी बघूनच किडा जागा सोडतो.

आणि आवाज. पंखा बंद होता, तरी कुणी तरी चाळणीनं मैदा चाळावा तसा बारीक आवाज येत होता. मी श्वास धरला की तो थांबायचा. सोडला की पुन्हा सुरू.

कोपऱ्यातल्या शेवटच्या सापळ्यावर एक केस चिकटला होता. बाईचा, लांब. मी भिंग लावलं. केसाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी कण होते. सारख्या अंतरावर.

"काका."

धनू कुंड्यांमागून उठली, हातात पाण्याची बाटली. मी आल्यापासून ती तिथंच बसली होती आणि मला दिसली नव्हती. मी काही तरी बडबडलो, कीड नाही, झाडं चांगली आहेत. ती कुंडी उचलायला वाकली, पदर खांद्यावर घसरला, आणि मला तिची मान दिसली. केसांच्या खालून दोन ओळी निघाल्या होत्या, तपकिरी, टाके घातल्यासारख्या, खाली ब्लाउजच्या आत गेलेल्या.

घामोळ्या, मी मनात म्हटलं. मग म्हटलं, बाजेच्या सुंभाचे वळ. पण खोलीत बाज नव्हती, गादी होती. आणि इतक्या गारव्यात घामोळ्या कशा येतील?

तिनं पदर सारखा केला. "फोन तुमीच केलता ना?"

मी भिंग खिशात टाकलं.

"तवापासून दाराला बाहीरून कडी हाय," ती म्हणाली. रागानं नाही, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं. "मी मराया मागत नव्हते, काका. मी ह्या झाडांला माराया मागत होते."

आप्पाराव दारात आले. ती खाली बसली आणि पानांवर पाणी मारायला लागली.

४

मी तिला हाताला धरून तिथून का काढलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारतो. रोज, दुकान उघडताना आणि बंद करताना. उत्तर असं आहे, की मी आप्पारावांच्या हातून दुसरा ग्लास सरबत घेतलं. साबणाचं पाणी बदलून बघा म्हटलं. नमस्कार केला. गाडी चौसाळ्याच्या वाटेला लागली तेव्हा भीती गेली आणि स्वतःचाच राग आला. माझाच कान माझ्या हातानं उपटावा असं वाटत होतं.

तसाच तलवाड्याला गेलो. मोहनराव गोठ्यात होते. मी म्हटलं, लेकीला घेऊन या, आजच्या आज. काय झालं विचारलं, तर सांगणार काय? मानेवर ठिपके आहेत? खोलीत चिलटं नाहीत? मी म्हटलं, तिला कोंडून ठेवलंय. मोहनरावांच्या तोंडावर आधी काळजी आली, मग दुसरंच काही तरी आलं. म्हणाले, फोनवर बोलणं होतं की आठवड्याला, मजेत आहे म्हणते. आणि एकदम चढ्या आवाजात, "गहिनीनाथ, तूच म्हणलास घर मोठं हाय, नशीब काढलं पोरीनं. आता तूच म्हणतूस काढून आण. लोकाला काय सांगू बे मी?"

आमचं भांडण झालं. तीस वर्षांत पहिलं. शेवटी ते म्हणाले, जत्रेला आणतो चार दिवस.

जत्रेला धनू आली नाही. मोहनरावांनी फोन केला, वत्सलाबाई म्हणाल्या, तब्येत नरम आहे. आठ दिवसांनी पुन्हा केला, तर म्हणाल्या, अहो, ती तर सोमवारीच तिकडं यायला निघाली, पोचली नाही का?

मोहनरावांनी मला फोन लावला, एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

मी दुकानातला पाठीवर मारायचा फवारणीचा पंप काढला. सोळा लिटर. तणनाशक घातलं, प्रमाणाच्या तिप्पट, वर तेल घातलं. आयुष्यभर लोकांना ओरडलो की प्रमाण पाळा, फर्नवर तेल मारू नका, जळून जाईल. पंप डिकीत ठेवला आणि पाटोद्याची वाट धरली. मोहनराव पोलिसात गेले.

५

दुपारचा एक. वत्सलाबाईंनी दार उघडलं, जेवून घ्या म्हणाल्या. मी म्हटलं, धनू कुठं आहे? म्हणाल्या, माहेरी.

"तिच्या माहेराहूनच फोन आलाय मला."

त्या हसल्या. खोटं पकडल्यावर माणूस हसतो तसं नाही. लेकराच्या प्रश्नाला मोठं माणूस हसतं, तसं. "बघा की मंग आत. कडी उघडीच हाय."

मी पंप पाठीला मारून आत गेलो. खोलीत कुणी नव्हतं. चाळणीचा आवाज होता, पहिल्यापेक्षा मोठा, आणि मी श्वास धरला तरी थांबत नव्हता. फर्न पलंगाच्या कडेपर्यंत आले होते. मी नळी हातात घेतली, दांडा मारून दाब भरला, आणि पहिला फवारा कुठं मारावा म्हणून बघताना नजर चादरीवर गेली.

पांढऱ्या चादरीवर तपकिरी भुकटी पडली होती. मैद्यापेक्षा बारीक. कुशीवर झोपलेली बाई, गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात गालाखाली. केसांचा शेपटा पाठीमागं सुटलेला, एकेक केस वेगळा उमटलेला. हुबेहूब, माझ्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर उमटला होता तसा. मनगटाच्या जागी मात्र भुकटी नव्हती. पाच बारीक कोऱ्या रेघा होत्या. बांगड्यांच्या.

छापा उमटतो कसा, हे मला ठाऊक आहे. पान कागदावर ठेवतात. मग ते उचलतात.

मी वर बघितलं. खाली बघितलं. चारी बाजूंनी हिरवं. नळी माझ्या हातात होती आणि ती कुणाकडं धरू हे मला कळेना. समजा धरली, आणि फवारा जिच्यावर पडला ती... एका पानाच्या टोकानं माझ्या कोपराला स्पर्श केला. हळू, ओलसर, शर्टाची बाही ओढल्यासारखा. लंगडी खेळताना ती अशीच बाही ओढायची, काका, गोळी द्या म्हणून.

मी पळालो. पंपाचा पट्टा दाराच्या कडीत अडकला, तो हिसकून पळालो. पळालो हाच शब्द बरोबर आहे.

संध्याकाळी पोलीस आले, त्यांच्यामागं मीही पुन्हा बंगल्यात गेलो. साहेबांनी चहा घेतला, खोली बघितली, असल्या उन्हात एवढी हिरवी झाडं ठेवलीत म्हणून कौतुक केलं. चादर धुऊन दोरीवर वाळत होती. पंचनाम्यात लिहिलं : संशयास्पद काही आढळले नाही. साहेबांना मी म्हणालो, तिथं एक सुद्धा किडा नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हवालदाराला सांगितलं, दुकानदाराला घरी सोडून ये.

अभिमन्यू पुण्याहून आला, दोन दिवस राहिला, परत गेला. मोहनराव अजून ठाण्यात खेटे घालतात. माझ्याशी बोलत नाहीत. पंप मी गोदामात ठेवला, भरलेला. रिकामा करायला हात गेला नाही.

६

श्रावणात वत्सलाबाईंचा फोन आला. दुकानात गर्दी होती, सोयाबीनवर अळी पडलेली, काउंटरवर उलट्या पानांचा ढीग. त्या गोड बोलल्या. फर्न जरा मलूल झालेत म्हणाल्या, पानं पिवळी पडतात, फवारायला घरात कुणी नाही.

"आन भाऊ, दुसरं एक काम होतं. सत्यमचं बघायचंय औंदा. धाकट्याचं." मी हातातलं भिंग खाली ठेवलं. "तुमच्या वळखी लई. बघण्यात आसंल एखादी तर सांगा. गरिबाची चालंल. शांत पाहिजे."

समोरचं गिऱ्हाईक मला म्हणालं, शेठ, तब्येत बरी आहे ना? मला घाम फुटला होता, आणि दात इतके आवळले होते की कानशील ठणकत होतं. फोनवर मी काय बोललो? बघतो, म्हणालो. उद्या येतो, झाडं पण बघतो नि मुलीचं पण बोलू.

सव्वीस वर्षांच्या धंद्यात इतका गोड मी कधी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोचलो. पंप बघून आप्पाराव म्हणाले, हे कशाला? म्हटलं, टॉनिक आहे, फर्नसाठी खास, पण वास उग्र, तुम्हाला ठसका लागेल. दार बाहेरून लावून घ्या, मी हाक मारेन. ते खुशीनं बाहेर थांबले. कडी बसल्याचा आवाज आला. धनू तो रोज ऐकत होती.

पलंग काढलेला होता. त्याच्या जागी एक मोठी कुंडी, तिच्यात इतरांपेक्षा वेगळा, कोवळा फर्न, माझ्या छातीपर्यंत आलेला. आणि भिंतीशी, टांगलेल्या फर्नच्या बरोबर खाली, नव्या कुंड्यांची एक रांग. मोकळ्या. माती भरून, पाणी घालून तयार ठेवलेल्या.

मी पाठीवरचा पट्टा आवळला. घरून निघताना डोक्यात राग होता तो आता पार हाताच्या बोटांत उतरला होता, तरी बोटं उठत नव्हती. दोन महिने मी एकच हिशेब मांडत होतो : मारलं तर तिला लागेल, नाही मारलं तर कुणाची तरी दुसरी लेक इथं पाणी फवारायला येईल. आणि या दोन्हींमध्ये माझी ती जुनी भलाई उभी होती, तोंड उतरलेल्याला औषध द्यायचं नाही म्हणणारी.

"धनू," मी म्हणालो.

चाळणीचा आवाज बंद झाला. एकदम, सगळ्या खोलीत.

पंखा बंद होता. खिडक्या बंद होत्या. मी त्या फर्नसमोर उभा राहिलो, आणि बाकी सगळी पानं निश्चल असताना तिचं एक पान हललं. सगळ्यांत खालचं. वाऱ्यानं हलतं तसं नाही. ते देठापासून सावकाश वळायला लागलं, मध्येच थांबलं, पुन्हा वळलं, जोर लावावा लागत असल्यासारखं. आणि पुरं उलटं होऊन माझ्यापुढं आडवं पसरलं, गिऱ्हाईक पिशवीची गाठ सोडून काउंटरवर ठेवतं तसं.

पाठीवर ठिपक्यांच्या तीन ओळी होत्या. देठाशी ठिपके नव्हते. तिथं पाच बारीक कोऱ्या रेघा होत्या.

बाहेरून आप्पारावांनी विचारलं, "झालं का हो, शेठ?"

पान दाखवून झालं होतं. मी पंपाचा दांडा हाणायला सुरुवात केली.